एआय नर्सची जागा घेणार का? पारोळ्यातून पाहिलं तर खरा प्रश्न वेगळाच आहे

पारोळा हे धुळे आणि जळगावच्या मधलं तालुक्याचं गाव. इथला रुग्ण गंभीर झाला की त्याला मोठ्या उपचारांसाठी बहुतेकदा धुळ्याला किंवा जळगावला हलवावं लागतं. धुळंही साधारण ३५ किलोमीटर लांब. त्यामुळे तब्येत बिघडतेय हे वेळेत कळणं महत्त्वाचं. वॉर्डात ते बहुतेकदा सर्वात आधी सिस्टरच्या लक्षात येतं. आता हेच काम एआय करेल, असं सांगितलं जातंय. मग नर्सचं काय होणार?

एआय नेमकं काय करतं?

नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन यांच्या नोंदी तपासून धोक्याचा इशारा देणं, लिखापढीत मदत करणं आणि आधी कोणाकडे लक्ष द्यायचं ते सुचवणं, ही त्याची मुख्य कामं. सलाईन लावणं, कूस बदलणं, घाबरलेल्या नातेवाइकांना समजावणं हे माणसालाच करावं लागतं.

महाराष्ट्रात याचा वापर झालाय का?

हो. मुंबईची 'अरमान' ही संस्था 'एममित्र' उपक्रमातून गरोदर महिला आणि नव्या मातांना फोनवर आरोग्याची माहिती ऐकवते. अनेक जणी काही दिवसांनी फोन ऐकणं सोडतात. सगळ्यांना पुन्हा फोन करण्याएवढे कर्मचारी नसतात. म्हणून गूगलच्या संशोधकांसोबत बनवलेलं एआय कोणाला आधी फोन करायचा ते सुचवतं. सुमारे २३ हजार महिलांच्या चाचणीत ही गळती जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाली. इथे यंत्राने यादी दिली, पण बोललं माणूसच.

यंत्र चुकलं तर?

अमेरिकेत सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीरात उद्भवणारी जीवघेणी स्थिती, ओळखणारी 'एपिक' कंपनीची प्रणाली शेकडो रुग्णालयांत वापरली जात होती. २०२१ च्या अभ्यासात तिने सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण ओळखलेच नाहीत, असं दिसलं. तरीही दाखल रुग्णांपैकी १८ टक्के जणांसाठी तिने इशारे दिले होते. असा प्रत्येक इशारा कोणाला तरी जाऊन तपासावा लागतो. एप्रिल २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नर्सेस एआयविरोधात रस्त्यावर उतरल्या. रुग्णाच्या सुरक्षिततेचा निर्णय यंत्रावर सोडू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग खरा प्रश्न काय?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२३ मध्ये जगात ५८ लाख नर्सेस कमी होत्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. एका सिस्टरवर त्याहून कितीतरी जास्त खाटा असतील, तर मशीन कितीही वेळा वाजलं तरी धावणारी एकटीच.

म्हणून उद्या पारोळ्यासारख्या गावात एआय आलं, तर तीन गोष्टी विचारायला हव्यात. वाचलेला वेळ रुग्णाला मिळणार की सिस्टरकडे आणखी खाटा दिल्या जाणार? यंत्राचा सल्ला चुकीचा वाटला, तर तो नाकारायचा अधिकार तिला असेल का? आणि चूक झाली, तर जबाबदार कोण? या तिन्हींची उत्तरं मशीन बसवण्याआधी मिळायला हवीत.