शिक्षेविरुद्धचे अपील आणि आमचे मराठी विभाग

‘गुन्हा सिद्ध झाला ना? मग शिक्षा कमी करा म्हणून अपील कशाला?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर ऐकू आला असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. तो मराठी विभागांत, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ शिकवणाऱ्यांच्याच तोंडून ऐकू येतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

शिक्षेविरुद्धचे अपील म्हणजे गुन्ह्याची भलामण नव्हे. कृत्य सिद्ध झाल्यावर ते करणाऱ्या माणसाचाही विचार व्हावा, एवढीच त्यातली मागणी असते. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकणे आवश्यक केले आणि फाशीसाठी विशेष कारणे मागितली. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही हे टिकून आहे. गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहा, असे बच्चनसिंग निकालाने १९८० साली बजावले.

तसे न पाहिल्यास काय होते? महाराष्ट्रातील २००३च्या एका दरोडा, बलात्कार व हत्याकांडाच्या प्रकरणात भटक्या जमातींतील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सवलतही काढून घेतली. २०१९ साली त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. ते तोवर जिवंत होते, म्हणून सुटले.

यावर ‘ते निर्दोष होते, त्यांची गोष्ट वेगळी’ असे म्हणणे सोपे आहे. पण २००९ साली ते निर्दोष आहेत हे कोणाला दिसत होते? शिवाय आमचा आग्रह निर्दोषांपुरता नाहीच. ज्याचा गुन्हा निर्विवाद आहे, त्याचेही दारिद्र्य, वय, सुधारण्याची शक्यता ऐकून घेतली पाहिजे. ऐकल्यावर न्यायालयाने दया दाखवलीच पाहिजे, असे नव्हे. मात्र न ऐकता दिलेली शिक्षा हा न्याय नव्हे.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मावरूनच गुन्हेगार ठरवले, हे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याला आपण गुण देतो. वर्गाबाहेर मात्र ‘लटकवा’ म्हणणाऱ्यांत आपलाही आवाज असतो. मग आपण शिकवले ते काय? पुढील वर्षी ‘उचल्या’ शिकवताना २००९ आणि २०१९चे हे दोन्ही निकाल विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत, अशी आमची सर्व विभागांना जाहीर सूचना आहे.