न घेणाऱ्याला विचारा!



बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. "ब्लॉग बंद केलात की काय?" अशी दोघातिघांनी विचारणा केली, म्हणून आज बसलेच. विषय मात्र माझ्या नेहमीच्या वाटेवरचा नाही – मार्केटिंग! जन्मभर मराठी शिकवणाऱ्या बाईला यातलं काय कळतं, असं भाचेमंडळी म्हणणार हे ठाऊक आहे. पण आमच्या घरात सध्या चार जण छोटामोठा व्यवसाय करताहेत आणि चौघांची तक्रार एकच : "माल चांगला आहे हो, पण मार्केटिंग जमत नाही." मग कोणी पैसे भरून शिबिराला जातो, कोणी दुकानाची पाटी बदलतो, कोणी रोज सकाळी व्हॉट्सॲपवर सुविचाराखाली दुकानाचं नाव टाकतो.

बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. मला हे अर्धंच खरं वाटतं. बोलण्याआधी ऐकावं लागतं. आणि तेही, ज्याने माल घेतला त्याचं नव्हे. ज्याने हातात धरून पाहिला, भाव विचारला आणि परत ठेवला, त्याचं. धंद्यातली नवी कल्पना डोकं खाजवून सुचत नाही. ती त्या न घेणाऱ्याच्या शंकेत असते.

आमच्या सांगली भागातलं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती! पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात. आता अशा शंकेवर मोठ्या अक्षरांत 'उत्कृष्ट नांगर' असं छापून काय उपयोग? नांगर चांगला नाही असं कोणी म्हणतच नव्हतं. भीती जमिनीची होती, आणि ती लोखंडाने नांगरलेल्या रानात पीक उभं राहिलेलं डोळ्यांनी दिसल्यावरच जाणार. हेच लक्ष्मणराव त्याआधी बेळगावात सायकली विकत, तेव्हा त्या चालवायलाही शिकवत. सायकल घेणाऱ्याची शंका काय असणार? 'मी पडलो तर?' तिचं उत्तर शिकवण्यातच आहे.

पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून निघालेलं ते पत्र. पण लोकांना नुसत्या नांगराबद्दल किती वाचायचं असणार? लोकांच्या जगण्यातले विषय त्यात येत गेले, आणि त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकं झाली. आमच्या पिढीच्या किती घरांत ती वाचली गेली! सुविचार पाठवणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

दुसरं उदाहरण तमिळनाडूचं. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली कडलूरला थोड्याशा भांडवलावर चिक शाम्पूचा धंदा सुरू केला. खेड्यात शाम्पू म्हणजे श्रीमंतांची चैन; अख्खी बाटली घ्यायची कशाला, आणि डोक्याला सोसली नाही तर? म्हणून लहान पुडी. शिवाय गावात एखाद्या मुलाचे केस सगळ्यांसमोर धुऊन दाखवायचे. आणि एक गंमत म्हणजे, कुठल्याही शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, एक चिक फुकट. काही दिवसांनी अट बदलली : रिकाम्या पुड्या चिकच्याच हव्यात! दुसऱ्यांचं गिऱ्हाईक कसं अलगद आपल्याकडे वळवलं पाहा.

शाळेत हाच अनुभव यायचा. "समजलं का?" विचारलं की वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. त्या होकाराला काडीचा अर्थ नसतो. मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेल्याला, "तुला कुठे अडलं?" असं विचारलं की धडा कसा शिकवायला हवा ते बाईंनाच कळतं. "आमचा माल आवडला का?" हा प्रश्न त्या "समजलं का?"चाच भाऊ आहे.

माझ्या पुतण्याच्या बायकोने लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल सुरू केलं. बाटलीवर 'शुद्ध, नैसर्गिक, आरोग्यदायी' असं सगळं छापलेलं. तरी बायका एकदा नेत, पुन्हा येत नसत. मी म्हटलं, जाऊन विचार तरी. तीन दिवसांत उत्तरं हाती आली : तळताना फेस येतो, तळाशी गाळ बसतो, म्हणजे भेसळ असणार! खरं तर न शुद्ध केलेल्या तेलाला फेस येतो आणि थोडा गाळ बसतोच. तिने बाटलीसोबत एक चिठ्ठी द्यायला सुरुवात केली : फेस का येतो, गाळ कसला, कढईत तेल कमी का घालावं. पाव लिटरची बाटलीही काढली. घेणाऱ्या वाढल्या.

पण तिच्या यादीत चौथी तक्रारही होती. पाच लिटरचा डबा उन्हाळ्यात शेवटी शेवटी खवट लागतो. ही शंका नव्हती, ते खरंच होतं! मोठा डबा म्हणजे मोठी विक्री, म्हणून तिला तो बंद करवेना. तिथे मात्र मी ऐकलं नाही. गैरसमज असेल तर समजावून सांगा. तक्रार खरी असेल तर माल सुधारा. खऱ्या तक्रारीवर गोड शब्दांचं पांघरूण घालणं याला मी मार्केटिंग म्हणत नाही, फसवणूक म्हणते. चार दिवस रुसून शेवटी तिने दोन माणसांच्या घरांना तो डबा द्यायचा बंद केला. त्या महिन्यात विक्री घटली, हेही सांगायला हवं. पण त्यातल्या बऱ्याच जणी आज दर महिन्याला लिटरभर नेतात.

तेव्हा घरातल्या उद्योजकांनो, माझा एकच गृहपाठ. शंभर पानी वही घ्या आणि वर 'शंकावही' असं लिहा. रोज एका तरी न घेणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवा. वाद घालू नका, खुलासा करू नका, फक्त लिहा. महिनाअखेर वाचा. जी शंका पाच वेळा आली असेल, तिथून कामाला लागा. मोबाइलवरून हजार लोकांशी एकदम बोलता येतं हे मान्य, पण ऐकायचं एकेकाचंच असतं.

दिवाळीला सगळे जमणारच आहात. येताना वह्या घेऊन या, मी तपासणार आहे! आणि ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही एखादी वस्तू हातात घेऊन परत का ठेवलीत, ते मला जरूर कळवा.