वेळेवर आले ते गैरहजर

आपल्या आयटीवाल्यांची एक सत्यनारायणाची पोथी आहे. तिला 'यूजर एक्स्पीरियन्स' म्हणतात, साहेबी थाटात 'केस स्टडी'. अध्याय ठरलेले. एक कंपनी होती, तिचा डेटाबेस हळू चालत होता, रात्री-अपरात्री फोन यायचे, इंजिनियर मंडळी दुःखी होती. मग कुणीतरी त्यांना नवा डिस्ट्रिब्यूटेड डेटाबेस सांगितला. त्यांनी तो श्रद्धेने बसवला आणि साधुवाण्याची बुडालेली नाव वर आली. ऐकणाऱ्याने प्रसाद घ्यायचा आणि सोमवारी ऑफिसात जाऊन आपल्याही प्रोजेक्टात तेच करायचं.

माझा वाद पोथीशी नाही. त्यातल्या बऱ्याचशा कथा खऱ्या आहेत आणि चांगल्या लिहिलेल्या आहेत. माझा वाद वाचणाऱ्यांशी आहे. आपण फक्त शेवटचा अध्याय वाचतो.

सगळ्यात गाजलेली कथा घ्या. डिस्कॉर्ड या चॅट कंपनीने २०२३ साली लिहिलं की त्यांनी आपले अब्जावधींच्या पुढे गेलेले मेसेज कॅसांड्रावरून सिलाडीबीवर नेले. १७७ नोड होते, ते ७२ झाले. जुने मेसेज वाचायला सगळ्यात हळू एक टक्का रिक्वेस्टना ४० ते १२५ मिलिसेकंद लागायचे, तिथे १५ लागायला लागले. सिलाडीबी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे, प्रत्येक कोअर आपापला डेटा सांभाळतो, जावासारखं मध्येच थांबून कचरा गोळा करणं नाही. हे सगळं खरं आहे आणि इंजिनियर म्हणून मला त्याचं कौतुकही आहे.

पण याच कंपनीचा २०१७ चा लेख किती जणांनी वाचलाय? त्यात लिहिलंय की २०१५ मध्ये त्यांनी सुरुवात मोंगोडीबीच्या एका साध्या रेप्लिका सेटवर केली, कारण त्यांना प्रॉडक्ट लवकर बाहेर काढायचं होतं. दहा कोटी मेसेज झाले, डेटा आणि इंडेक्स रॅममध्ये मावेनात, तेव्हा ते कॅसांड्राकडे गेले. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण पहिल्याच दिवशी क्लस्टर उभारतो, त्यांनी स्वतः पहिल्या दिवशी तो उभारला नव्हता. आधी अडचण आली, मग औषध घेतलं. आपण अडचणीच्या आधीच सलाईन लावून बसतो.

दुसरी कथा आपल्या घरची. हॉटस्टारने 'कंटिन्यू वॉचिंग'साठी, म्हणजे तुम्ही सिनेमा कुठे सोडला होता ते लक्षात ठेवण्यासाठी, रेडिस आणि इलॅस्टिकसर्च सोडून सिलाडीबी घेतला. बरोबरच केलं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला त्यांच्याकडे एकाच वेळी ५.९ कोटी लोक मॅच बघत होते. त्या आकाराच्या घरात पाहुणेही त्याच आकाराचे येतात. शिवाय त्यातली एखादी नोंद हरवली तर काय होईल? तुम्ही सिरीयलचा पाच मिनिटांचा तुकडा परत बघाल. घरात कुणी उपाशी झोपणार नाही.

आता सुप्याला या.

पुणे-नगर रस्त्यावरचं, पारनेर तालुक्यातलं आमचं सुपा. पूर्वी लोक याला डोंगरावरच्या पवनचक्क्यांमुळे ओळखायचे, आता एमआयडीसीमुळे ओळखतात. जपानी कंपन्यांसाठी वेगळा औद्योगिक पार्क झालाय. सकाळी शिफ्टच्या वेळी आसपासच्या गावांतली पोरं मोटरसायकलींवरून गेटवर येतात, अंगठा लावतात आणि आत जातात. त्यातली कितीतरी ठेकेदाराकडची. अंगठा म्हणजे हजेरी, हजेरी म्हणजे पगार.

तर एका कारखान्यात (नाव सांगणार नाही, सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचंही नाही) ही हजेरी ठेवायला तीन नोडांचा डिस्ट्रिब्यूटेड नोएसक्यूएल डेटाबेस बसवला होता. कॅसांड्राच्याच कुळातला. कारण विचारलं तर उत्तर होतं, 'स्केल'.

जरा हिशोब करू, कॅल्क्युलेटर लागणार नाही. समजा दोन हजार कामगार, प्रत्येकाचे दिवसाला चार अंगठे. झाल्या आठ हजार नोंदी. वर्षाच्या २९ लाख २० हजार. एक नोंद शंभर बाइटची धरली तर वर्षाला तीनशे एमबीच्या आत, दहा वर्षांत तीन जीबीच्या आत. तुमच्या फोनमधल्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमी. शिफ्ट बदलताना सगळे दोन हजार वीस मिनिटांत आले तरी सेकंदाला दोन अंगठेसुद्धा होत नाहीत. याला स्केल म्हणायचं असेल तर चौकातला चहावाला गूगल आहे.

पैसे जास्त गेले एवढंच असतं तर मी शनिवार खर्च केला नसता. पुढचं ऐका.

आमच्या भावकीतला एक मुलगा तिथे ठेकेदाराकडे आहे. पगार झाल्यावर त्याच्या हातात तीन दिवसांचे पैसे कमी आले. सुपरवायझर म्हणाला, सिस्टीममध्ये गैरहजर दिसतोय. तो मला म्हणाला, "दादा, अंगठा लावला तव्हा मशीन थँक्यू म्हणलं. मग मी गैरहजर कसा?"

प्रश्न इतका बिनतोड होता की मी ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एका मित्राबरोबर लॉग बघत बसलो. जे दिसलं ते विचित्र होतं. फक्त एकाच गेटची माणसं गैरहजर, तीही फक्त पहिल्या शिफ्टची. आणि त्यातही जे साडेसातनंतर उशिरा आले ते हजर! सात वाजता वेळेवर आले ते सगळे गैरहजर.

झालं होतं असं. रोज पहाटे दोन वाजता एक जॉब चालायचा. तो त्या दिवसाच्या प्रत्येक कामगारापुढे 'गैरहजर' लिहून ठेवायचा. सकाळी अंगठा लागला की त्याच रकान्यात 'हजर' लिहिलं जायचं. एरवी चालून जायचं. पण त्या गेटवरचा पीसी दुरुस्त होऊन आला तेव्हा त्याचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर गेलेलं होतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजत होतं. म्हणजे साडेपाच तास मागे. त्या पीसीला मॉनिटरही नव्हता, मग बघणार कोण? सकाळी सातला लिहिलेल्या 'हजर'वर शिक्का बसला पहाटे दीडचा. दोनच्या 'गैरहजर'पेक्षा तो जुना, म्हणून डेटाबेसने 'गैरहजर' खरं मानलं. साडेसातनंतर आलेल्यांचा शिक्का दोनच्या पुढचा, म्हणून ते हजर.

कुठेही एरर नाही. लिहिणाऱ्याला 'लिहिलं' असंच उत्तर मिळालं. मशीन थँक्यूच म्हणालं.

आता तुम्ही म्हणाल, हा डेटाबेसचा दोष नाही. मान्य, शंभर टक्के मान्य! या कुळातले डेटाबेस दोन नोंदींची टक्कर झाली की ज्याचा टाइमस्टॅम्प मोठा त्याला जिंकवतात, आणि तो टाइमस्टॅम्प सहसा लिहिणाऱ्या मशीनवरचा ड्रायव्हर लावतो. हे लपवलेलं नाही, मॅन्युअलमध्ये आहे. २०१३ मध्ये काईल किंग्जबरी यांनी आपल्या जेप्सन चाचण्यांत कॅसांड्रामधल्या या पद्धतीने लेखन कसं मुकाट हरवतं ते दाखवूनही दिलं होतं. म्हणजे दोष त्याचा, ज्याने मॅन्युअल न वाचता पोथी वाचली.

हे कूळ जन्मलं कशासाठी तेही बघा. २००७ मध्ये ॲमेझॉनने डायनॅमोचा पेपर प्रसिद्ध केला. त्यांची गरज होती शॉपिंग कार्टची. गिऱ्हाईक काहीतरी टाकतंय तर 'आत्ता जमत नाही' म्हणायचं नाही, काही झालं तरी लिहून घ्यायचं. त्या बदल्यात कधीतरी काढून टाकलेली वस्तू कार्टमध्ये परत दिसेल, हे त्या पेपरातच कबूल केलंय. दुकानदारासाठी उत्तम सौदा. त्या पेपराच्या लेखकांपैकी अविनाश लक्ष्मण यांनी पुढे फेसबुकमध्ये प्रशांत मलिक यांच्याबरोबर कॅसांड्रा लिहिला, २००८ मध्ये तो खुला झाला. डायनॅमोमध्ये टक्कर ओळखायला व्हेक्टर क्लॉक होते, कॅसांड्राने ते सोडून साधे टाइमस्टॅम्प घेतले. प्रत्येक पायरीवर कुणीतरी विचार करून काहीतरी दिलं आणि काहीतरी घेतलं. सुप्याच्या गेटवर मात्र देवाणघेवाणीचा विचारच झाला नाही. दिले ते कामगाराने आणि घेतलं ते रेझ्युमेने.

काही ठरलेले आक्षेप आहेत, ते आत्ताच निपटतो.

"एनटीपी लावा, घड्याळं जुळतील." जरूर लावा. पण माणसाचा पगार गेटवरच्या एका डबड्याचं घड्याळ बरोबर आहे का यावर अवलंबून असावा का, हा माझा प्रश्न आहे. पोस्टग्रेससारख्या एका साध्या डेटाबेसमध्ये नंतर आलेला अपडेट नंतरच लागतो, पाठवणाऱ्याच्या मनगटावर किती वाजलेत हे तो विचारत नाही.

"क्वोरम वापरा." क्वोरमने ताजी नोंद वाचायला मिळते हे खरं. पण ताजी कुठली हे टाइमस्टॅम्पच ठरवतो. इथे तीनही नोड एकमताने चुकीचं सांगत होते.

"लाइटवेट ट्रान्झॅक्शन वापरा." वापरता येतात. पण त्यात नोडांना आपसात बोलून सहमती करावी लागते, फेऱ्या वाढतात, वेग उतरतो. ज्या वेगासाठी हा डेटाबेस आणला तोच मोडून जे मिळवायचं, ते दुसरीकडे फुकट मिळत होतं.

"एकच मशीन ठेवलं आणि ते बंद पडलं तर?" हा प्रश्न खरा आहे. मग दुसरं मशीन स्टँडबाय ठेवा, रोजचा बॅकअप घ्या आणि तो परत चढवून बघा. शिवाय अंगठ्याचं मशीन स्वतःच्या मेमरीत नोंदी ठेवतंच. आमच्या मुलाचे तीन दिवस शेवटी तिथूनच सापडले आणि पुढच्या पगारात मिळाले. ज्यांनी विचारलंच नाही त्यांचं काय झालं, ते माझ्याच्याने विचारवलं नाही असं मी म्हणणार नाही. मी विचारलं. "ज्यांची तक्रार आली त्यांचं दुरुस्त केलंय," असं उत्तर मिळालं.

आणि क्लस्टर सांभाळणार कोण? या कुळात डिलीट केलेली नोंद लगेच जात नाही, तिच्या जागी थडगं बसतं, म्हणजे टूम्बस्टोन. कॅसांड्रात त्याची मुदत मुळात दहा दिवसांची. तेवढ्यात सगळ्या नोडांवर रिपेअर चालवला नाही तर पुसलेला डेटा जिवंत होऊन परत येऊ शकतो. डिस्कॉर्डकडे हे बघायला पगारी माणसं होती, तरी लाखो मेसेज पुसलेल्या एका चॅनेलने त्यांना रडवलं होतं. कारखान्यात हे बघायला कोण आहे? जो प्रिंटरचं टोनर बदलतो तोच. लायसन्सचंही बघा. सिलाडीबीने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की यापुढच्या आवृत्त्या जुन्या ओपन सोर्स लायसन्सखाली येणार नाहीत. त्यांचा धंदा आहे, त्यांचा हक्क आहे. पण पुण्यात बसून निर्णय घेणाऱ्याने ही ओळ गिऱ्हाइकाला वाचून दाखवायला नको?

मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची की हा प्रश्न आपल्याकडे कागदावर कधीच सुटलेला होता. आमचा तालुका दुष्काळी. १९७२ च्या दुष्काळात इथली माणसं खडी फोडायला गेली, पुढे रोजगार हमीच्या कामांवर गेली. तेव्हापासून 'मस्टर' हा शब्द आमच्याकडे शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही माहीत आहे. मस्टरवर लबाड्या झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही, भरपूर झाल्या. पण मस्टरचा एक नियम होता. चुकलं तर रेघ मारायची, शेजारी लिहायचं आणि सही करायची. खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. खाडाखोड दिसते म्हणून तर भांडता येतं! आम्ही बसवलेलं विदागार म्हणजे व्हाइटनर लावलेलं मस्टर. वर सही नाही, खाली काय होतं त्याचा पत्ता नाही.

यावरचा उपायही महागडा नाही. प्रत्येक अंगठ्याची वेगळी नोंद करा, जुनी कधीच पुसू नका आणि गैरहजेरी आधी लिहून ठेवू नका, दिवस संपल्यावर मोजा. असं केलं असतं तर त्या तीन नोडांवरही कुणाचा पगार बुडाला नसता. आणि असं केलं असतं तर तीन नोड लागतच नव्हते हेही दिसलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी मीटिंगमध्ये कुणी अनुभवाची पोथी उघडली की तीन प्रश्न विचारा. त्यांच्याकडे सेकंदाला किती नोंदी होत्या आणि आपल्याकडे किती? त्यांची एक नोंद हरवली तर कुणाचं काय जातं, आणि आपली हरवली तर? रात्री दोन वाजता त्यांच्याकडे कोण जागं होतं, आणि आपल्याकडे कोण असेल?

उत्तरं जुळली तर खुशाल बसवा, मी स्वतः येऊन नोड जोडून देईन. नाही जुळली तर एक साधा डेटाबेस, एक स्टँडबाय आणि रोजचा बॅकअप. रेझ्युमेत एक ओळ कमी येईल. ती ओळ आजवर ज्यांच्या पगारातून आली, त्यांना लिंक्डइनवर लाइक करता येत नाही.