त्यांचे ‘ऑफरोड’ आणि आपल्या माणसांची पायवाट

रस्ता नाही म्हणून जीव गमावणारी माणसे आणि रस्ता नाही म्हणून आनंदाने चीत्कारणारी माणसे जुन्या ठाणे जिल्ह्यात एकाच वेळी नांदत आहेत. पहिली पाड्यावर राहतात. दुसरी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये. शनिवार-रविवार आला, त्यातून पावसाळा असला, की टॉवरच्या तळघरातून फोर बाय फोर गाड्या बाहेर पडतात. रुंद दातांचे टायर, पुढे विंच, टपावर दिव्यांची माळ. कुणी येऊरच्या चढाकडे वळतो, तर कुणी गायमुखचा घाट उतरून वरसावे पुलावरून अहमदाबाद हायवेला लागतो आणि मनोर-विक्रमगडमार्गे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात शिरतो. चिखलात गाडी रुतवायची, मग ती बाहेर काढायची आणि त्याचे चित्रण मित्रांना दाखवायचे. या चंगळवादी खेळाचे नाव ऑफरोडिंग! (गायमुखच्या घाटातले खड्डे असताना मोखाड्यापर्यंत जायची गरजच काय, असे घोडबंदरकर विचारतील, तो भाग वेगळा.)

गाडी चालविण्याच्या कौशल्याशी आमचे भांडण नाही. कमी गिअरमध्ये, दगडावरून चाक अलगद उतरविणे ही कलाच आहे. दगडखाणीवरचा डंपर ड्रायव्हर ती पोटासाठी रोज करतो. त्याला कुणी साहसवीर म्हणत नाही. आमचे भांडण आहे ते ‘निर्जन’ या शब्दाशी. या सहलींच्या जाहिरातींत ‘निर्जन रान’, ‘अस्पर्श निसर्ग’ असे शब्द पेरलेले असतात. अस्पर्श म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको! येऊर निर्जन आहे काय? पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा ही काय झाडांची नावे आहेत? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखली जाण्याच्या कितीतरी आधीपासून वारली आणि इतर आदिवासी या रानात राहत आले आहेत. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले, तिथूनही मूलनिवासींना हुसकावण्यात आले आणि मग त्या जागेला ‘निर्मनुष्य निसर्ग’ म्हटले गेले. तरी त्याच अमेरिकेने १९६४ च्या कायद्याने आपल्या राखीव रानांत मोटारगाडी नेण्यास बंदी केली. आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही. पण हा कायदा मोळीवालीला जितका ठाऊक आहे तितका मोटारवाल्याला नाही. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर याच उद्यानातून हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, हे आम्ही विसरलेलो नाही.

आता या खेळाचा परिणाम पाहा. भर पावसात मातीच्या वाटेवर जड गाडीची चाके जागच्या जागी फिरली की खोल चाकोऱ्या पडतात. त्यांतून पाणी धावते, माती वाहून जाते आणि वाटेचा ओहोळ होतो. गाडी बाजूने काढताना भाताचा बांध फुटतो तो निराळाच. साहसवीर संध्याकाळी घरी जाऊन गाडी धुतो. सोमवारी त्याच चाकोरीतून शाळेची पोरे आणि डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया चालतात.

आणि आजारी माणसाला खांद्यावर घेऊन जाणारेही त्याच वाटेने चालतात. ऑगस्ट २०२२ मध्ये, देश स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करीत असताना, मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर एका भगिनीची प्रसूती दिवस भरण्याआधीच घरी झाली. जुळी बाळे दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या आईला नातेवाइकांनी चादरीच्या झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर घसरड्या वाटेने चालत नेले. पालघर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.

जीप मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी बनली. १९४७ पासून महिंद्राने ती मुंबईत जोडायला घेतली. आदिवासी भागात ती काळी-पिवळी झाली, टपापर्यंत माणसे भरून डांबर संपेपर्यंत धावू लागली. डांबर जिथे संपते तिथे काळी-पिवळी थांबते आणि हौशी माणसाची मौज सुरू होते!

सरकारकडे पैसा नाही म्हणावे, तर याच घोडबंदर रोडलगत टिकुजिनीवाडीपासून बोरिवलीच्या मागाठाणेपर्यंत राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून ११.८ किलोमीटरचा जुळा बोगदा खोदण्याचा १६,६०० कोटींचा प्रकल्प हाती घेतला आहे. १३ जुलै २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. मोटारीसाठी जंगलाखालून वाट निघते, मग बाळंतिणीसाठी जंगलातून का निघत नाही? वन खात्याकडे बोट दाखविणाऱ्यांनी २००६ चा वनहक्क कायदा उघडावा. त्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना यांच्याबरोबर रस्त्यासाठीही वनजमीन देण्याची तरतूद आहे. प्रत्येक कामाला जमीन एक हेक्टरपेक्षा कमी लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, एवढ्याच अटी. बाबासाहेबांच्या राज्यघटनेने कलम १५ मध्ये विहिरी आणि तलावांच्या शेजारी रस्त्यांचे नाव मुद्दाम लिहिले आहे. ज्यांना गावच्या वाटेवरून चालू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी ते लिहावे लागले.

काही गाडीवाले पाड्यांवर वह्या, बिस्किटे वाटतात, पुरात अडकलेल्यांना बाहेर काढतात, हेही आम्ही जाणतो. त्यांना आमचा नकार नाही. परंतु वही वाटून त्याच वाटेची चाळण करून परतायचे, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. खेळायचेच असेल तर खासगी माळावर पैसे मोजून खेळावे. पावसाळ्याचे चार महिने पाड्यांच्या वाटा हौशी गाड्यांना बंद कराव्यात, आणि एरवी परवानगी द्यायची की नाही हे तिथल्या लोकांना ठरवू द्यावे. आणि ठाणे-पालघरच्या वन कार्यालयांनी कलम ३(२) खाली रस्त्यांचे किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले आणि उरलेले कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहेत, याची यादी येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक तहसील कचेरीच्या फळ्यावर लावावी.