कर्जतची उधारी

आमच्या ठाणे जिल्ह्यातील माणसाला वड्याबद्दल काही शिकवायला जाऊ नये. ठाण्यात स्टेशनजवळ कुंजविहारचा जंबो वडापाव आहे, आणि कल्याणला घराच्या खिडकीतून विकला जायचा म्हणून ‘खिडकी वडा’ हे नाव कायमचे चिकटलेला वडा आहे. दोन्ही मी आवडीने खातो. पण वडा म्हटले की मला आठवतो तो कर्जतच्या फलाटावरचा, आणि त्याच्याबरोबर येते एक उधारी.

१९७० साली मी अकरा वर्षांचा होतो. मे महिन्यात आजीकडे पुण्याला जायचे म्हणजे आधी डोंबिवलीहून लोकलने कल्याण गाठायचे, कारण लांबच्या गाड्या डोंबिवलीला न थांबता धडधडत निघून जात. कल्याणला तिसऱ्या वर्गाच्या डब्यात अण्णा आधी चढत, मग ट्रंक, मग आई, मग आम्ही भावंडे. बदलापूर गेले, नेरळ गेले, की आमचे डोळे कर्जतकडे लागत.

कर्जतला गाडी थांबे ती आमच्या भुकेसाठी नव्हे. १८५३ साली रेल्वे ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये कल्याणला पोचली, पण बोरघाट चढून जायला १८६३ उजाडले. त्या कामात हजारो मजुरांचे प्राण गेले. घाटातला सर्वांत अवघड चढ असा, की सदतीस फूट पुढे सरकले की गाडी एक फूट वर चढते. एका इंजिनाला ते झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिने जोडतात. रेल्वेच्या भाषेत चढणीला ‘बँक’ म्हणतात, म्हणून मागून रेटणारे हे इंजिन ‘बँकर’. पुढे मी बँकेत लागलो, तेव्हा अण्णा पाहुण्यांना सांगत, “आमचा मुलगाही बँकर झाला. फक्त तो कोणाला रेटत नाही, अडवतो.”

इंजिने जोडायला लागणाऱ्या त्या चार-दोन मिनिटांत फलाटावर झुंबड उडे. कढईतून नुकताच निघालेला वडा, वर लसणीची कोरडी लाल चटणी, आणि तेलाने पारदर्शक झालेला कागद. दिवाडकरांचे नाव या वड्याशी जोडले गेले ते कायमचे. गाडी सुटताना त्यांचे विक्रेते फलाटावर रांगेने उभे राहून गाडीला नमस्कार करीत. आपले पोट जिच्यावर चालते तिला हात जोडण्याची ती रीत पाहून आईही नकळत हात जोडत असे.

त्या वर्षी अण्णांनी पैसे माझ्या हातात दिले होते. एका विक्रेत्याने खिडकीच्या गजांतून पुडी दिली, “पैसे घेतो हां बाळ,” म्हणत तो पुढच्या खिडकीकडे गेला, आणि गाडीला धक्का बसला. तो हात पुढे करून धावत आला. माझा हात गजांबाहेर सहज गेला असता. तो गेला नाही. नाणी मी मुठीत धरून ठेवली. मग बोगदे सुरू झाले. एरवी बोगद्यात ओरडणारा मी त्या दिवशी गप्प होतो. “पैसे दिलेस ना?” अण्णांनी विचारले. “हो,” मी म्हणालो.

चौथ्या दिवशी आईला धुण्यात माझ्या चड्डीच्या खिशात ती नाणी सापडली. अण्णा काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीत मात्र कर्जत येताच म्हणाले, “उतर. शोध त्याला.” माणूस सापडला. मी नाणी पुढे केली. त्याने ती न मोजता गल्ल्यात टाकली आणि हसून म्हणाला, “गाडी कुठं जातेय बाळा? हीच वर जाते, हीच खाली येते.”

पुढे बँकेत कर्जाची प्रकरणे पाहण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. तारण, जामीन, तीन वर्षांचे ताळेबंद! सगळे कागद चोख असलेली कर्जे बुडालेली मी पाहिली. त्या माणसाचा कागद म्हणजे फक्त वड्याची पुडी. आधी माल, मग पैसे, आणि मध्ये सुटणारी गाडी. रोज काही पैसे बुडतच असतील. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आधी पुडीच पुढे करी.

आता १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत मागे इंजिन न लावता घाट चढते, आणि कर्जतला थांबत नाही. बऱ्याच गाड्यांना अजूनही बँकर लागतो, पण दिशा स्पष्ट आहे. मी याबद्दल गळा काढणार नाही. डोंबिवलीच्या गर्दीत रोज लोंबकळणाऱ्या माणसाला वाचलेल्या मिनिटाची किंमत कोणी सांगायला नको. पण एका थांब्यावर फलाटभर माणसांचे संसार उभे राहिले आहेत. वेळापत्रकातून तो थांबा वजा होतो, तेव्हा वाचलेली मिनिटे जमेला धरली जातात आणि त्या संसारांची नोंद खर्चाच्या बाजूला कोणीच करीत नाही. बँकेत असा हिशेब मी मंजूर केला नसता. निदान जिथे कर्जत लोकल येऊन थांबतात, तिथे या विक्रेत्यांना हक्काची जागा मिळावी, एवढी मागणी अवाजवी नाही.

बाकीचे आपल्या हातात आहे. कर्जत लोकल डोंबिवलीला थांबते. मागच्या महिन्यात नातीला घेऊन गेलो. वडे घेतले, तिने माझा मोबाइल पुढे केला, आणि पैसे मिळाल्याचे यंत्राने मोठ्याने जाहीर केले. कोणाला धावावे लागले नाही. नातीने विचारले, “आजोबा, तुम्ही नाणी का मोजताय?”

“सवय,” मी म्हणालो, आणि मूठ उघडली.