बंदूक घरात, किल्ली खुंटीला

निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्याजिल्ह्यातून परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. सांगली, मिरज, कुपवाडही त्याला अपवाद नाही. निकाल लागला, गुलाल उधळून झाला की तीच बंदूक पुन्हा मालकाच्या घरी जाते. म्हणजे घरातली बंदूक धोक्याची आहे हे प्रशासनाला मान्य आहे, पण केवळ आचारसंहितेपुरते! उरलेले दिवस ती कोठे असते? कॉटखाली, माळ्यावर, कपड्यांच्या घडीत. फारच काळजीवाहू मालक असला तर लोखंडी कपाटात. आणि त्या कपाटाची किल्ली सगळ्या घराला दिसेल अशा खुंटीला.

कायदा याबाबत मुका नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना मागणाऱ्याला शस्त्र व काडतुसे सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते. हमीपत्र फाईलला लागते आणि विषय संपतो. अर्जदारावर गुन्हे किती, याची चौकशी होते. तिजोरी भिंतीला ठोकली आहे की नाही, हे पाहायला त्याच्या घरी कोण जातो? परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड. लाखाच्या पिस्तुलाला दोन हजारांचा धाक!

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, बँकेच्या दारात, एटीएमच्या गाडीवर बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहणारा रखवालदार आपण रोज पाहतो. या धंद्यात अनेकदा बंदूक एजन्सीची नसते, त्याच्या स्वतःच्या नावावरची असते. बंदूक आहे म्हणूनच त्याला नोकरी मिळते. पाळी संपली की तो भाड्याच्या खोलीवर जातो. पत्र्याचे छप्पर, एक कडी, एक कुलूप. त्या खोलीत तो भिंतीला ठोकलेली तिजोरी कोठून आणणार? आणि हा माणूस कोण असतो? निवृत्त जवान, शेतमजुराचा पोरगा, आपल्यातलाच कोणीतरी. बंदुकीचा फायदा कारखानदाराला आणि बँकेला, चोरी झाली तर बेडी मात्र याच्या हातात. खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ सालचा आहे. कामावर बंदूक वापरून घेणाऱ्याने कामावरच कुलूपबंद जागा द्यावी आणि तिची किल्ली परवानाधारकाकडेच ठेवावी, एवढी मागणी कामगार संघटनांनी कधी लावून धरल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

किल्लीचा मुद्दा क्षुल्लक वाटत असेल तर ८ फेब्रुवारी २०२४ आठवावा. दहिसरचे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना मॉरिस नरोन्हाने फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घातल्या आणि नंतर स्वतःवरही झाडून घेतली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते, परवाना उत्तर प्रदेशातला होता. ते कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवले जात असे, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. अंगरक्षकाला अटक झाली. येथे कपाट होते, कुलूपही होते. पण पिस्तूल हाती लागायला मालकाला कुलूप फोडावे लागले नाही. नोकराने मालकाला नाही म्हणायचे, ही सोय आपल्या समाजरचनेत आहे कोठे?

उलट दिशेनेही हेच घडते. पाटलाची बंदूक पाटलाच्या गड्याच्या हाती जाते आणि मग ती ‘चोरीला गेली होती’ असे सांगायला पाटील मोकळा. हे आमच्या मनचे नाही. अॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम उघडून पाहावेत. नियम ३ म्हणतो की अत्याचार होण्याची भीती असलेले भाग सरकारने शोधून काढावेत आणि आवश्यक वाटल्यास त्या भागातल्या दलित-आदिवासी सोडून इतरांचे, त्यांच्या जवळच्या नातलगांचे, नोकरांचे, इतकेच नव्हे तर कौटुंबिक मित्रांचेही शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. नोकर आणि मित्र हे शब्द नियम लिहिणाराने उगाच घातलेले नाहीत. गावात बंदूक एका घरात राहत नाही, हे त्याला ठाऊक होते.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, तेव्हा बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याचे महाराष्ट्राला कळले. मग बोभाटा झाला, परवाने रद्द होऊ लागले. जे परवाने एका हत्येनंतर अनावश्यक ठरले, ते आदल्या महिन्यात आवश्यक कसे होते? कोणीही विचारले नाही, म्हणून.

त्याच नियम ३ मध्ये पुढे आणखी एक तरतूद आहे. जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत. शिवाय शस्त्र कायद्याचे कलम १४ सांगते की पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. चातुर्वर्ण्याने शूद्रांना शस्त्र नाकारले, म्हणून त्यांना बंड करता आले नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. तेव्हा परवाना मागणे हा आपला हक्क आहे, यात शंका नाही. पण ज्याला तो मिळेल, त्याने आपली बंदूक इतरांपेक्षा दुप्पट जपली पाहिजे. धनदांडग्याच्या घरून पिस्तूल गेले तर तो फिर्यादी ठरतो. वस्तीतल्या माणसाच्या घरून गेले तर पहिला संशय त्याच्यावरच येतो.

जपायचे म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. बंदूक रिकामी करून ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलपात, वेगळ्या जागी. तिजोरी सुटी नको, नाही तर चोर तिजोरीसकट घेऊन जातो. ती भिंतीत वा जमिनीत बोल्टने पक्की केलेली हवी. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर, पोरांना ठावठिकाणा नको. लग्नकार्यात मिरवण्यासाठी बंदूक बाहेर काढणाऱ्याने आपल्या घरात काय आहे याची दवंडीच पिटलेली असते. हवेत बार काढणे हा तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर वेगळा गुन्हा आहे. बंदूक चोरीला गेली तर इभ्रत जाईल म्हणून दोन दिवस घरात शोधत बसू नये, त्याच दिवशी ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

मिरज तालुक्याच्या शेतात पिकाच्या राखणीसाठी म्हणून ठेवलेली ठासणीची बंदूकही याला अपवाद नाही. ती बहुधा रानातल्या खोपीत राहते आणि खोपीला दार नसते.

जिल्हा दंडाधिकारी परवाने देतो, आणि अॅट्रॉसिटी कायद्याखालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचा अध्यक्षही तोच. तीन महिन्यांतून एकदा ही समिती बसलीच पाहिजे, असा नियम आहे. एकाच टेबलावर दोन्ही फायली असतात, पण त्या एकत्र उघडल्या जात नाहीत. सांगलीच्या पुढच्या बैठकीत आपल्या सदस्यांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तालुक्यागणिक परवाने किती, गेल्या पाच वर्षांत चोरीला गेलेली किंवा हरवलेली परवान्याची शस्त्रे किती, आणि हमीपत्र दिलेल्यांपैकी किती घरांतली तिजोरी पोलिसांनी डोळ्यांनी पाहिली. उत्तर तोंडी मिळाले तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.