दुर्रीची जोडी आणि ‘पावसाचा जुगार’

मराठवाड्यात मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला एक वाक्य दरवर्षी भेटते : शेती हा पावसाशी खेळलेला जुगार आहे. प्रश्न ग्रामीण कादंबरीवरचा असो वा दुष्काळाच्या कवितेवरचा, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत हे वाक्य येतेच. आम्ही अंबाजोगाईत बसून ते इतक्या वेळा वाचले आहे की त्याखाली बरोबरची खूण करताना हात थांबत नसे. विद्यार्थ्यांचा दोष नाही. प्रस्तावना, अग्रलेख आणि भाषणे यांतूनच ते त्यांच्यापर्यंत पोहोचते. मात्र रूपक वापरणाऱ्याने उपमान एकदा तरी नीट पाहिलेले असावे, एवढी अपेक्षा साहित्याच्या वर्गात गैर ठरू नये. जुगार म्हणजे नेमका कोणता?

आमच्या गावोगावच्या पारांवर तीन पत्ती चालते. तिच्यात पाने एकदा वाटली की बदलत नाहीत. जे आहे ते हातातच असते. पावसाची उपमा तिला शोभत नाही. ती शोभते पोकरला. प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात, त्यांवर पैसे लावावे लागतात, आणि मग सर्वांसाठी सामाईक अशी तीन पाने टेबलावर उघडतात. पेरणी आधी, पाऊस नंतर. (आम्ही पैसे लावून खेळत नाही, आणि असे ऑनलाइन खेळ तर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने बंदच केले, आमचा संबंध हिशेबापुरता.)

या खेळाच्या स्पर्धेत, सुरुवातीच्या फेऱ्यांत, हाती दुर्री, तिर्री किंवा चौकीची जोडी आली तर काय करावे, हा जाणत्यांचा आवडता प्रश्न आहे. कोणतीही जोडी सतरा वाटपांत सरासरी एकदा येते. लहान जोडी दिसते बरी, पण एकटी फारशी टिकत नाही. टेबलावरची जवळजवळ सगळी पाने तिच्याहून मोठीच असतात. तिचा जीव एका आशेत आहे : पहिल्या तीन पानांत तिसरी दुर्री निघावी. ही आशा साडेआठ वेळा खेळल्यास साधारण एकदा फळते. म्हणजे बहुतेक वेळा हरणे ठरलेलेच. तरीही सुरुवातीला ती जोडी खेळावी, असे सांगतात. कारण तेव्हा पुढ्यात 20,000 चिप्स असतात आणि पाने पाहण्याची किंमत असते जेमतेम 300. तिसरी दुर्री आली नाही तर पाने टाकून द्यायची, दीड टक्का गेला. आली, तर ती कोणाला दिसत नाही, आणि एक्क्यांची जोडी घेऊन बसलेला समोरचा आपली सारी रास आपल्याकडे ढकलतो. डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकात या पुढच्या, अजून न दिसणाऱ्या कमाईचा हिशेब कसा धरावा याची चर्चा आहे. तीच जोडी उत्तरार्धात आली, प्रवेशाची किंमत 4,500 झाली आणि रास तेवढीच राहिली, तर हा हिशेब कोसळतो. मग सर्वस्व लावा किंवा सोडून द्या. स्वस्तात वाट पाहणे संपलेले असते.

तेव्हा दुर्रीच्या जोडीचे शहाणपण पानांत नाही. ते तीन सवलतींत आहे : थोडक्यात आत शिरता येते, केव्हाही उठता येते, आणि साधले तर मिळकतीला जवळची मर्यादा नसते. सर्वांची रास आरंभी सारखी असते, ही चौथी.

आता वार्षिक सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत असलेल्या या जिल्ह्यात, कोरडवाहू रानात सोयाबीन किंवा कापूस पेरणारा मनुष्य पाहा. बियाणे, खत, मजुरी यांत त्याची दीड टक्का रास जात नाही; बहुतेक सगळी जाते, आणि पुष्कळदा ती रास उसनीच असते. मृगात पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर त्याला पाने टाकता येत नाहीत. तो दुबार पेरतो. हरलेल्या डावावर दुप्पट लावणे हा पोकरच्या टेबलावर मूर्खपणा असेल. येथे त्याला दुसरे काही सुचवून पाहावे. आणि तिसरी दुर्री आलीच, पीक भरघोस आलेच, तर सर्वांचेच येते आणि भाव पडतो. जोडी हा शब्दही आमच्याकडे पत्त्यांइतकाच ऊसतोडीत ऐकू येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून उचल मिळते ती या जोडीवर, हंगामाआधी. त्यांच्या खेळाचा आरंभच शून्याच्या खालून होतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. त्याच्या अखेरीस जुगाऱ्याला सांगितले आहे की फासे सोड आणि शेत नांगर. त्या कवीच्या लेखी शेती हा जुगाराचा प्रतिशब्द नव्हता, उतारा होता. वनपर्वातल्या नलोपाख्यानातही राज्य हरलेला नल सावरतो तो ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून. आणि ऋतुपर्णाची विद्या ती कोणती, तर बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजण्याची. मोजणे आपल्या परंपरेत होते. आम्ही मात्र शेती आणि जुगार एका वाक्यात कोंबले आणि मोजणे सोडून दिले. त्यात एक अन्यायही शिरला : जुगारी म्हटले की हरणे ही त्याची खोड ठरते, आणि मग बाकी कोणाला काही विचारायचे उरत नाही.

बाकीचे कोण, हेही बीडमध्येच पाहायला मिळते. 2020 च्या खरिपात येथे पीकविम्याचा जो ‘बीड पॅटर्न’ आला, त्यात विमा कंपनीचे दायित्व जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांवर थांबते. त्यापुढचा भार राज्य शासनाचा. भरपाई 80 टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेले शासनाला परत करायचे. योजना वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. निविदेला कंपन्याच येत नव्हत्या, तेव्हा ती निघाली. पण तोट्याची हद्द आधी आखून बसणारा या टेबलावर कोणी असेल, तर तो पेरणारा नव्हे.

अलीकडे ते वाक्य उत्तरपत्रिकेत आले तर आम्ही गुण कापत नाही. समासात ‘कोणाचा जुगार?’ एवढे लिहितो. पुनर्मूल्यांकनात ते कोणी वाचत असेल असे वाटत नाही.